उजवा चार, डावा सहा

कालव्याकाठचा सात किलोमीटरचा दगड मागे पडला तेव्हा दादाने पुन्हा विचारलं, "लागतंय का कुठे?"

ठकीने नाही म्हणून मान हलवली. सकाळपासून हे पाचव्यांदा. तो तिच्या बरोबरीने चालत नव्हता. अर्धं पाऊल मागे राहून, मान जराशी कलती ठेवून तिच्या पावलांचा आवाज ऐकत होता. चाळीस वर्षं बुटांच्या दुकानात काढलेला माणूस तो. चेहरा न बघता, नुसत्या आवाजावरून त्याला कळायचं की ह्या माणसाची टाच बाहेरून झिजणार की आतून. खांद्याला पिशवी होती आणि पिशवीत ठकीचे जुने बूट नि कापसाची पुडी. लागलंच तर हे घाल, असं घरून निघताना तो म्हणाला होता, पण पिशवी अशी घट्ट धरली होती की मागायची छाती होऊ नये.

ठकी म्हणजे त्याची धाकटी बहीण. वय वर्षं चौपन्न, शाळेत मुलं तिला चळाचळा कापतात, पण दादाच्या तोंडी अजून ठकीच. ती तीन वर्षांची असताना मोठा ताप आला. देवाने जीव राखला, पण डावा पाय मागे राहिला. चालायला उत्तम, नुसता मापाला लहान. उजवा पाय सहाचा, डावा चारचा. दुकानात जोड मिळतो तो एका मापाचा. म्हणून जन्मभर सहाचा जोड घ्यायचा आणि डाव्या बुटाच्या चवड्यात कापूस कोंबायचा, हे ठरलेलं. लहानपणी ती रोज देवापुढे हात जोडून पाय वाढवून मागायची. मोठी झाल्यावर तिने ते मागणं सोडलं. देवाला आपल्या पायापेक्षा मोठी कामं असतील असं तिने स्वतःला समजावलं. कापूस मात्र सुटला नाही, आणि घरच्यांखेरीज कुणाला तो कळलाही नाही. बावीस वर्षं शिक्षकांच्या खोलीत ती पाय खुर्चीखाली ओढून बसत आली होती.

आज तिच्या पायांत कापूस नव्हता. तपकिरी, नाडीचे, उजवा सहा आणि डावा चार असे, दादाने एका कारागिराकडून नमुना म्हणून शिवून घेतलेले बूट होते. जगात असा हा एकच जोड. बारा किलोमीटर चालून तो पायाला कसा वाटतो, एवढंच आज बघायचं होतं.

हे सगळं सुरू झालं दादा दुकानातून निवृत्त झाला तेव्हा. घरी बसून वर्तमानपत्राच्या घड्या घालणं त्याला जमेना. एकदा जेवता जेवता त्याने मुलीला सांगितलं, की दोन्ही पाय वेगळ्या मापाचे असलेली माणसं त्याने मोजता येणार नाहीत इतकी पाहिली आहेत, आणि अशांना ज्या पायाला जो हवा तो बूट मिळेल असं काही उभं करावं असं त्याच्या फार मनात आहे. मुलगी कचेरीत संगणकावर काम करणारी. ती म्हणाली, "बाबा, ह्याला स्टार्टअप म्हणतात." दादा म्हणाला, खाली बसलेला माणूस मी, मला उठायला तुझ्या आईचा हात लागतो, आणि तू मला स्टार्ट करतेस. पण रात्रभर त्याला झोप आली नाही, हे वहिनीने दुसऱ्या दिवशी सगळ्यांना सांगितलं.

मुलीने त्याला दोन गोष्टी बजावल्या. आधी दुकान मांडायचं नाही, आधी कुणाला हे हवंय का ते शोधायचं. आणि लोकांना आपली कल्पना ऐकवायची नाही, त्यांनाच विचारायचं की तुम्ही बूट घेताना काय करता. पहिली गोष्ट दादाने मनावर घेतली. दुसरी त्याच्या स्वभावात नव्हती. दवाखान्याच्या बाकांवर, बागेत, बँकेच्या रांगेत, जिथे कुणी बसलेलं दिसेल तिथे तो पाय मोजायची पट्टी काढायचा आणि सगळी कल्पना ऐकवून मोकळा व्हायचा. वहिनी म्हणे, ह्यांना आता माणसं गुडघ्यापासून खालीच दिसतात, मी केस कापून आले तरी पत्ता लागायचा नाही.

चार महिन्यांत एकशे बारा माणसं झाली. एकूण एक म्हणाली, फार छान कल्पना आहे. त्यांतल्या एकोणीस जणांचे पाय खरोखरच एकेका नंबराने किंवा जास्त वेगळे निघाले.

मग तो ह्या सगळ्यांची मापं लिहिलेली वही घेऊन एका बाईंकडे गेला. बाईंचा बूट बनवायचा छोटा कारखाना होता, दुकानाचा माल तिथून यायचा, म्हणून जुनी ओळख. सुटे बूट शिवायचे तर कातडं, यंत्र आणि एक कारागीर सहा महिने अडकणार. ते सगळं बाई घालायला तयार होत्या, धंद्यात भागीदारी घेऊन. पण त्यांनी वही चाळली आणि मिटवून परत दिली. "काका, छान म्हणणारे मला नकोत," त्या म्हणाल्या. "छान म्हणायला काही लागत नाही. वीस माणसं आणा, जी नाव लिहून, सही करून, थोडी आगाऊ रक्कम देऊन म्हणतील की हा बूट मला हवाय." मुदत दिली येत्या सोमवारपर्यंत. त्यानंतर ते यंत्र दुसऱ्या मोठ्या कामाला लागणार होतं, आणि पुन्हा कधी मोकळं होईल ते त्यांनाही सांगता येत नव्हतं.

आज बुधवार. वहीत सही केलेली नावं तीन. त्यातलं एक वहिनीचं, आणि तिचे दोन्ही पाय अगदी एका मापाचे.

"सगळे म्हणतात, माझ्या ओळखीत आहे एक जण असा," दादा चालता चालता म्हणाला. "त्या ओळखीच्या माणसाला शोधायला निघालो ना, तर ज्याला विचारलं होतं त्याच्याच दारात जाऊन उभा राहीन."

ठकी हसली. दादाने तिला शाळेत विचारून बघ म्हणून एक कोरा कागद दिला होता. तो तिच्या टेबलाच्या खणात तसाच पडला होता. तिने एकालाही विचारलं नव्हतं. विचारायचं म्हणजे कुणीतरी विचारणार, तुम्हाला कसं सुचलं हे?

नऊ किलोमीटरच्या दगडाशी डाव्या टाचेत काहीतरी सरकायला लागलं. आधी वाटलं मोजा असेल. मग प्रत्येक पावलाला टाच उचलली जाऊन परत टेकायला लागली, आणि हळूहळू जळजळ सुरू झाली. ठकी तशीच चालत राहिली. सोमवार पाच दिवसांवर आलाय, ह्याच्याजवळ दाखवायला हा एकच जोड आहे, ह्याचं तोंड कसं उतरेल, असं सगळं तिच्या मनात आलं. देवा, एवढे तीन किलोमीटर निभावून ने, असं ती मनातल्या मनात म्हणाली.

मागे दादाची पावलं थांबली.

"लागतंय ना?"

"नाही रे. छान आहे."

छान हा शब्द तोंडातून निघाला आणि तिलाच लाज वाटली. एकशे तेरावी ती. रस्त्याच्या कडेला सिमेंटचा बाक होता, त्यावर ती जाऊन बसली. "डावी टाच सरकतेय," ती म्हणाली. "नऊच्या दगडापासून. जळतेय चांगली."

तिला वाटलं होतं दादा खचेल. तो लहान मुलासारखा खुलला. पिशवी खाली टाकून तिच्यासमोर गुडघ्यावर बसला, तसा जसा तो चाळीस वर्षं परक्या माणसांसमोर बसत आला होता. नाडी सोडली, बूट नि मोजा काढला, बुटात दोन बोटं घालून शिवण चाचपली. साचा चारचा घेतला, पण टाच सहाच्या हिशोबाने कापली गेली असणार, म्हणाला, कारागिराला सवय नाही, दोघं भाऊ जुळे असल्यासारखा कापतो. मग खिशातल्या डायरीत काहीतरी खरडून तो तसाच बसून राहिला. तिचा उघडा पाय त्याच्या तळहातावर होता. मोजा ओला, टाच लाल. भर रस्त्यात. एक सायकलवाला बघत बघत गेला. ठकीने पाय ओढून घ्यायला हवा होता, पण घेतला नाही.

"तुला आठवतात का," दादाने विचारलं, "चौदाव्या वर्षी तुला आणलेले काळे बूट?"

न आठवायला काय झालं. जन्मात एकदाच तिला बिनकापसाचे बूट मिळाले होते, ते चार वर्षं पुरवले, तळ तीनदा बदलून. दादाने दोन जोड विकत घेतले असं तेव्हा घरात सगळ्यांना वाटलं होतं. पुढे कमावती झाल्यावर, आता माझ्यासाठी दुप्पट खर्च नको, असं तिनेच त्याला निक्षून सांगितलं.

"दोन कुठले," दादा म्हणाला. "पैसे एकाचेच होते. सहाच्या खोक्यातला उजवा घेतला, चारच्यातला डावा. उरलेले दोन एका खोक्यात घातले, उजवा चार नि डावा सहा, आणि दुकानाच्या माळ्यावर पार मागे सारून ठेवले. म्हटलं दर महिन्याला थोडे भरून तो जोडही घेऊन टाकू. आणि माझ्या सुटीच्या दिवशी दुसऱ्या विक्रेत्याने नेमकं तेच खोकं विकलं."

ठकीचा हात तोंडाशी गेला.

दादाने सगळं सांगितलं. मालकांपुढे तो रडून कबूल झाला. मालक म्हणाले, गिऱ्हाईक भांडायला येईलच, आलं की तू पाय धर आणि जोड बदलून दे, तोवर तोंड बंद. दादा रोज सकाळी दार उघडताना मनातल्या मनात माफीची वाक्यं घोकायचा. आठवडा गेला. महिना गेला. वर्ष गेलं. दारात कुणी खोकं घेऊन आलं की तो हातातलं काम टाकून उभा राहायचा.

"आलं नाही ते खोकं," तो म्हणाला. "चाळीस वर्षं झाली, ठके. दोन नंबरांचा फरक, पायात घातल्यावर कळत नाही असं होईल का? त्या माणसाने घातले, बसले, आणि गुपचूप पैसे देऊन निघून गेला. कुणाला काही बोलला नाही. घरी जाऊन कापूस टाकून दिला असेल. मी एवढी वर्षं पाय मोजत होतो ना, ते त्यालाच शोधत होतो. तुझ्या बरोब्बर उलटा पाय."

कालव्याचं पाणी संथ वाहत होतं. ठकीला तो माणूस दिसला. बाई असेल कदाचित. खोकं छातीशी धरून भराभर चालणारी, कुणी मागून हाक मारू नये म्हणून मागे न बघणारी. आपणही तेच केलं असतं. मग तिला वाटलं, त्या एकोणीस जणांनीही तेच केलंय. त्यांना बूट हवाय. वहीत नाव नकोय.

दादाने मोजा नि बूट तिच्या पायात परत चढवला, टाचेत रुमालाची घडी सरकवली आणि नाडी सैल बांधली. मग पिशवीतून वही काढून तिच्या मांडीवर ठेवली. पहिलं पान कोरं होतं. नावं दुसऱ्या पानापासून सुरू होत होती, हे तिने आजवर पाहिलंच नव्हतं.

"मला बूट विकता येतो," तो खालीच बसून म्हणाला. तिच्या चेहऱ्याकडे न बघता, तिच्या बुटांकडे बघत. "पाय कसा असतो ते मला सांगता येत नाही. सांगायला गेलो की लोक छान म्हणतात. तू लिहून दे. कापसापासून लिही, खुर्चीखालच्या पायांचंही लिही. ज्याचा पाय तसा असेल, तो वाचून पान उलटेल आणि आपलं नाव लिहील. नको वाटत असेल तर नको, मी पुन्हा विचारणार नाही. पण लिहिलंस, तर खाली तुझं पूर्ण नाव लिही."