उकाराला जागा

वेबसाइटवरच्या, इंग्रजीसाठी बनवलेल्या बटणांत आपली अक्षरं मावत नाहीत. खालचे उकार सर्रास छाटले जातात, आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. सायलीला वाटलं. माझ्या या मैत्रिणीनं उकाराला जागा ठेवणारं बटण बनवलं आणि वेबसाइटच्या नमुन्यांच्या खुल्या संग्रहात ठेवून दिलं, कुणीही फुकट घ्यावं म्हणून.

"नाव तरी लाव," मी भांडले.

"गप गं. तू मोर्च्याच्या पत्रकांवर सही करतेस का?"

आज तिच्या वडिलांसोबत नगरपालिकेची साइट उघडली. तिचंच बटण, त्यावर 'मृत्यू नोंदवा'. खालचे दोन्ही फटकारे शाबूत. वरच्या रकान्यात सायलीचं नाव.

"दाब ना, बाळा," काका म्हणाले.

हे तुमच्या मुलीनं बनवलंय, एवढंही न सांगता चौकात ओरडणाऱ्या मी बटण दाबलं.