भोरड्यांचं भजन

चारकोपात परबकाकांना खालून हाक मारली की पार मढपर्यंतचे लोक ‘ओ’ द्यायचे, काका सोडून. गिरणीच्या साचेखात्यात, जिथे शेकडो माग एकदम खडखडतात तिथे, गिरणी बंद पडेपर्यंत तीस वर्षं काढल्यावर त्यांच्या कानांनी त्यांच्याआधीच निवृत्ती घेतली होती. आणि असल्या माणसाला नाद कसला, तर पाखरांचा.

माघ सरला की काका सकाळी सातला आमच्या इमारतीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीला पाठ लावून बसत. हातात एकाच डोळ्याने दिसणारी दुर्बीण. समोर लालभडक पांगारा आणि त्यावर भोरड्या: काळी डोकी, गुलाबी अंगं. परमुलखातून हिवाळ्याला येतात, चैत्रात परततात, आणि निघण्याआधी लग्नाच्या शेवटच्या पंगतीसारख्या खातात. “चाकरमानी गावाक निघाले बघ,” काका म्हणत. मला एक दिसेपर्यंत त्यांच्या सतरा मोजून झालेल्या असत. वर ऐकवत, “तुटको धागो कानान गावणा नाय, नजरेन गावता.”

नजरेने गावत नव्हती ती एकच गोष्ट. “गातत कशी रे?” असं दरवर्षी विचारत आणि माझ्या ओठांकडे बघत बसत; साचेखात्यात सगळेच ओठ वाचायला शिकतात.

भोरडी खरं तर गात नाही, भांडते. पण इतक्या आशेने विचारणाऱ्याला हे कुठल्या तोंडाने सांगायचं? पहिल्या वर्षी मी म्हटलं, भजन म्हणतात. दुसऱ्या वर्षी पखवाज आणला. पाचव्या वर्षी एका भोरडीने अशी तान घेतली की ती संपेस्तोवर समोरच्या विंगेत कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या. काका मान डोलवायचे.

काका गेले त्याच्या आदल्या चैत्रात त्यांच्या मुलीने, सुनंदाने, कानाचं यंत्र आणलं. माझी वाट लागली. मी बॅटरीचं निमित्त काढलं, उन्हाचं काढलं. म्हटलं, पुढच्या वर्षी ऐका निवांत. भोरड्या चार दिवसांत उडाल्या की मी सुटलो, हा हिशेब.

काका शांतपणे म्हणाले, “डॉक्टर म्हणता, कानात उरलेलांय जातलां. औंदाच काय ता.”



दुसऱ्या सकाळी पांगाऱ्यावर किमान दोन लाख भोरड्या होत्या. काकांनी दोनशे मोजल्या, ते सोडा. त्यांनी यंत्र कानात बसवलं, आणि तो सगळा कचकचाट, किचकिचाट, एकीचा मेळ दुसरीला नाही असा, एकदम आत शिरला. काकांचा चेहरा आवळला. मी माफी तोंडात जुळवू लागलो.

“मेल्या, हेका तू भजन म्हणतस?”

मी मान खाली घातली. वर बघितलं तर काकांचे डोळे मिटलेले, आणि उजवा हात पुढे होऊन हवेत कसलीशी मूठ धरत होता.

“ह्यां साचेखातां रे,” ते म्हणाले. “सगळे साचे चालू आसत.”

मग खाडीकडून घार आली. झाडाच्या एका अंगाच्या भोरड्या उठल्या, मग दुसऱ्या. आवाज विरळ व्हायला लागला तसं काकांनी घाईघाईने यंत्र कानातून ओढून काढलं आणि मुठीत घट्ट धरलं. मी खुणेने विचारलं, काय झालं?

“बंद पडताना एकदा ऐकलंय मी,” काका म्हणाले. “पुरे.”