परत येणार कशावरून

बहिणीला दिवस गेल्याचं पत्र आलं तेव्हा माझ्याकडे सहामाहीच्या पेपरांचे गठ्ठे पडले होते. मी बारामतीत एका प्राथमिक शाळेत शिकवायची. सासर जळोचीला, माहेर निमगाव केतकीच्या अलीकडे एका वस्तीवर. बहीण माझ्याहून तीन वर्षांनी धाकटी, आमच्या घरातली पहिली इंजिनियर, आणि कॉम्प्युटरवाल्या नवऱ्यामागं अमेरिकेला गेलेली. चार पानांच्या पत्रात माझ्यासाठी दोन ओळी होत्या. ‘ताई, बाळंतपणाला आईला पाठव. पासपोर्ट-व्हिसाचं तूच बघ, आबांना काही जमायचं नाही.’

तूच बघ. लहानपणापासून घरात जे कुणाला जमायचं नाही ते माझ्याकडे यायचं. माझी स्वतःची दोन मुलं होती, धाकटा अजून कडेवर होता. पण नाही म्हणायचं मला सुचलंच नाही.

रविवारी इंदापूर गाडी धरून वस्तीवर गेले. आई कांद्यात खुरपत होती. पत्र वाचून दाखवलं तर म्हणाली, "जाईन की. इमानाचं मला भ्या न्हाय. पर म्हस कोण बघंल?"

म्हशीचं आबा, म्हणजे आमचे वडील, बघतील असं ठरलं आणि मी पासपोर्टचा अर्ज पुढ्यात घेतला. पहिल्या पानावरच अडले. जन्मस्थळ.

"आई, तुझा जन्म कुठला?"

"वाटंवरला," ती म्हणाली.

ते मला माहीत होतं, पण असं अर्ज भरताना ऐकलं नव्हतं. आईच्या वडिलांची मेंढरं होती. दिवाळी झाली की कळप कोकणात उतरायचा. त्या वाटेवर कुठंतरी, घाट यायच्या आधी, आई जन्मली. दुसऱ्या दिवशी तिला घोड्यावरच्या पाटीत घालून बिऱ्हाड पुढं निघालं.

"पण गाव कुठलं?"

"त्ये कुणी इचारून घेतलं न्हाय. आय म्हणायची, मोठं चिचंचं झाड व्हतं."

मी निमगाव लिहिलं. जन्मतारखेचंही तसंच. इंदापूरला तहसील कचेरीबाहेर टायपिंगवाल्यानं न विचारताच एक जून टाकली. "निम्मा तालुका एक जूनचाच हाय, बाई," तो म्हणाला. मग नावाचा घोळ निघाला. माहेरचं नाव एक, लग्नात ठेवलेलं दुसरं, आणि रेशनकार्डावर कुणीतरी तिसरंच लिहिलेलं. ही तिन्ही नावं एकाच बाईची आहेत असं प्रतिज्ञापत्र करावं लागलं. त्यासाठी तीन वेळा इंदापूर झालं. एकदा साहेब दौऱ्यावर होते, एकदा आईचा अंगठा पुसट उठला.

पोलीस चौकशीला हवालदार वस्तीवर आला तेव्हा काका, म्हणजे आबांचे धाकटे भाऊ, ज्यांना आम्ही तात्या म्हणतो, ते उसातनं धावत आले. त्यांना वाटलं बांधावरनं कुणी तक्रार दिली. हवालदारानं आईच्या हातचा चहा घेतला, "मावशी, कधी मारामारी केली का?" म्हणून हसत विचारलं आणि अंगठा घेऊन गेला. पासपोर्ट यायला तरीही मार्च उजाडला. बहिणीला सातवा लागला होता.

वार्षिक परीक्षा तोंडावर असताना मी दोन दिवसांची रजा मागितली. मुख्याध्यापिकांनी फक्त रजेचं रजिस्टर माझ्याकडे वळवून ठेवलं. मुलांना नवऱ्यावर सोपवून मी आईला घेऊन मुंबईला गेले. चेंबूरला नवऱ्याच्या मावशीकडे उतरलो. गाडीत, जेवताना, अंथरुणावर, मी आईला एकच धडा देत होते. किती दिवस विचारलं तर चार महिने म्हणायचं. इथं काय आहे विचारलं तर शेत आहे, घर आहे, मालक आहेत म्हणायचं. जास्त बोलायचं नाही.

उजाडायच्या आत वकिलातीबाहेर फुटपाथवर रांग लागली होती. सगळ्यांच्या हातात प्लॅस्टिकच्या फायली, कपडे इस्त्रीचे. त्यात आमची आई नऊवारीत, डोक्यावर पदर घेऊन. मला आत सोडलं नाही. समोरच्या बाजूला एका बंद दुकानाच्या पायरीवर मी अडीच तास बसून होते. ती बाहेर आली ती रस्ता ओलांडायला घाबरत, दोन्ही हातांनी फाईल धरून.

"काय झालं?"

"पुस्तक परत दिलं."

मी शेवटचं पान उघडलं. एक शिक्का होता, खाली तारीख. व्हिसा नव्हता.

"एक गोरा पोरगा व्हता," आई सांगू लागली, "आन् शेजारी आपल्यातली बाई. ती मराठीत इचारायची. म्हणली, किती दिस ऱ्हाणार? म्हणलं, लेकरू जरा बसाय लागंस्तवर."

"चार महिने म्हणायचं होतं ना?"

"पयल्यांदा तेच तोंडात आलं. मग म्हणली, तुमच्या नावावर हितं काय हाय? म्हणलं, काय न्हाय, समदं मालकाच्या नावावर. तर म्हणती, मग तुमी परत येणार कशावरून?"

"मग?"

"म्हणलं, माझं घर हाय की तितं. तिनं त्याला इंग्रजीत सांगितलं. त्यानं मान हलिवली."

दादरला गाडीत बसल्यापासून मी तिला बोलत होते. एवढं शिकवून पाठवलं, तुला एक गोष्ट धड सांगता आली नाही, माझी रजा गेली, पोरीचं आता काय होणार. ती खिडकीला डोकं टेकून ऐकत राहिली. पुण्याच्या पुढं मीच दमून गप्प झाले. भिगवणला गाडी थांबली तेव्हा तिनं केळी घेतली आणि त्यातली जास्त पिकलेली स्वतःला ठेवून बाकीची माझ्या मांडीवर ठेवली. मला त्या क्षणी तिचा रागच आला होता, हे आज लिहिताना बरं वाटत नाही.

बारामतीत विमानाच्या तिकिटांचं काम करणारे एक गृहस्थ होते. त्यांनी कागद बघून सांगितलं, "आईंच्या नावावर जमीन दाखवा. इथं अडकलेलं काहीतरी दिसलं पाहिजे."

मी ते आबांना सांगितलं. आबा दुसऱ्याच दिवशी तलाठ्याकडे जाऊन आले. विहिरीजवळचा सव्वा एकर आईच्या नावावर करायचा त्यांनी ठरवलं. जमीन दोघा भावांच्या सामाईक खात्यात होती, तात्यांची सही लागणार होती. तात्या ओसरीवर येऊन बसले.

"परक्या देशाच्या कागदासाठी घरची जमीन फोडायची? आन् वयनी तिकडंच ऱ्हायली म्हंजे?"

"तिनं तीस वरसं ती जमीन पिकिवलीय," आबा म्हणाले. "कागदावर नाव लागलं तर काय बिघडलं?"

"मग आमच्या हिचं बी लावा की!"

"लाव की. तुला कुणी धरलंय?"

तात्या उठून गेले ते पंधरा दिवस बोलले नाहीत. मग एका सकाळी स्वतःच तलाठ्याकडे जाऊन सही करून आले. का, ते त्यांनी सांगितलं नाही. नोटिशीची मुदत, हरकतीची मुदत असं करत सातबारा हातात यायला जून सरला. आई वाचायला शिकली नव्हती. "माजं कुठं लिवलंय?" तिनं विचारलं. मी बोट ठेवून दाखवलं. "येवडंसं?" म्हणाली आणि कागद घडी करून डब्यात ठेवला.

तोवर बाळ होऊन गेलं होतं. मे महिन्यात जळोचीच्या किराणा दुकानात बहिणीचा फोन आला. मुलगी झाली होती. नवऱ्याला तीन दिवसांचीच रजा होती. चौथ्या दिवशी ती उठून स्वतःच पाव भाजून खात होती. रडत होती. मी काय काय केलं ते सांगायला तोंड उघडलं, तर ती म्हणाली, "ताई, तू मनावर घेतलं असतंस तर झालं असतं." दुकानात गिऱ्हाईकं उभी होती. मी "हं" म्हणून फोन ठेवला आणि घरी येऊन कणीक भिजवायला घेतली. पाणी जास्त झालं, मग पीठ, मग परत पाणी. नवरा म्हणाला, "राहू दे, खिचडी टाकतो." मी तिथंच जमिनीवर बसून राहिले.

ऑगस्टमध्ये परत मुंबई. परत चेंबूर, परत तो फुटपाथ, परत ती पायरी, फक्त या खेपेला पाऊस होता आणि दुकान उघडं असल्यानं मला पायरीवर बसू देईनात. मी आईला काहीही शिकवलं नव्हतं. अंगात त्राणच नव्हतं. तासाभरात आई बाहेर आली.

"दुपारी चारला पुस्तक न्या म्हणली."

"दिला?"

"दिला वाटतं. ह्या यळंला गोरी बाई व्हती. तिनं इचारलं, नातीचं नाव काय. मी सांगितलं. ती हसली. झालं."

"आणि सातबारा?"

"मागितलाच न्हाय कुणी."

चार वाजेपर्यंत वेळ काढायचा होता. एका उडप्याच्या हॉटेलात आम्ही दोघी बसलो. मला आनंद व्हायला हवा होता. समोर इडली आली आणि मला झोप अनावर झाली. आईनं माझी थाळी स्वतःकडे ओढली, "जरा डोकं टेक," म्हणाली, आणि वेटर बिल घेऊन दोनदा आला तरी मला हलवू दिलं नाही.

ती सहा महिने राहून आली. पाचव्या महिन्यात बहिणीचा फोन आला होता. मुक्काम आणखी सहा महिने वाढवून घेता येतो, फॉर्म तिकडेच भरायचा, पण आई ऐकत नाही, तू सांग. मग आईच फोनवर आली.

"आनखी सा म्हैने? न्हाय गं. पोरगी ग्वाड हाय. पर ही दोघं कामाला गेली की मी आन् लेकरू. खिडकीतनं मानूस दिसत न्हाय." मग म्हणाली, "तू काय म्हणतीस?"

बहिणीला हवं होतं ते मी म्हणाले नाही. "तुला वाटतं तसं कर," म्हणाले. मार्चमध्ये ती परतली. तात्यांनी सव्वा एकराचा विषय काढला, आता काम झालं, पूर्वीसारखं करून टाकू. आई म्हणाली, "ऱ्हाऊ द्या हाय तसं." त्यावर कुणी वाद घातला नाही. पाणी, बी, मजूर सगळं आधीसारखंच एकत्र चाललं. वर्षभरानं तात्यांनी काकूंच्या नावावरही तुकडा लावला.

दोन वर्षांनी, नव्वदचं दशक संपत आलं असताना, बहिणीला पुन्हा दिवस गेले. आईचा जुना व्हिसा संपलेला. पत्रात तीच ओळ होती, तूच बघ. मी फाईल काढली, नवा फॉर्म मागवला. आई डोळे तपासायला बारामतीला आली होती आणि आमच्याकडे उतरली होती. मी वह्या बाजूला सारून फॉर्म भरायला बसले, तशी ती समोर येऊन बसली.

"आता किती खेपा हुतील?"

"चार-पाच. नशीब असलं तर."

तिनं मी बाजूला सारलेल्या वह्या नीट रचून ठेवल्या. मग म्हणाली, "तुझ्या धाकट्याच्या बाळंतपणाला मी किती दिस व्हते गं?"

"नऊ," मी म्हणाले. मला हिशेब करावा लागला नाही. लावणीचे दिवस होते, तिला थांबता आलं नव्हतं. मी तेव्हा काही म्हणाले नव्हते.

"तूच सांग. जाऊ का?"

जा असं म्हणायला हवं होतं. बहीण तिकडं एकटी, पदरात एक लहान. सगळं कळत होतं. पण तोंडातून आलं ते एवढंच, "आई, मी दमलेय गं."

"मग ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "फोन लाव. मीच सांगते तिला."

दुकानातून तिनंच फोन केला. ‘माझी तब्येत बरी न्हाय’ असं काही तिनं सांगितलं नाही. म्हणाली, "मला न्हाय जमणार, बाळा. सासूला बोलीव." बहिणीनं ओळखायचं ते ओळखलं. वर्षभर तिचं मला पत्र आलं नाही. आईला यायची, आणि ती वाचून दाखवायला मीच जायची. त्यात माझी विचारपूस नसायची. आई ऐकताना माझ्याकडे बघायची आणि म्हणायची, "हुईल नीट." स्वतःवर दोष घेतला होता तिनं, पण बहिणीचा राग माझ्यावर होता, आणि तो सगळा खोटाही नव्हता.

पुढे बहीण दोन्ही मुलांना घेऊन आली. मुलं तिकडची, म्हणून त्यांच्या पासपोर्टांवर इकडचा व्हिसा काढावा लागला होता. एक कागद कमी म्हणून तिला परत पाठवलं होतं, धाकट्याला कडेवर घेऊन ती दोनदा दुसऱ्या गावी जाऊन आली होती. हे तिनं वस्तीवर, ओसरीवर गहू निवडताना सांगितलं. सांगून झाल्यावर सूप खाली ठेवलं.

"तेव्हा तुला काय काय करावं लागलं होतं गं, ताई?"

मी इंदापूरच्या टायपिंगवाल्यापासून सांगायला सुरुवात केली. ती ऐकत होती. हवालदारापर्यंत आले असेन, तेवढ्यात आतून तिचा धाकटा रडायला लागला, आणि ती उठायच्या आधी आई उठली.