गंजीने चिकटवलेली पानं

बुर्रा स्वरूपाला किळस आली की ती भांडत नाही. ओठ मिटते आणि घोटभर पाणी पिते. भातात खडा लागल्यावर माणूस जसा घास तोंडात धरून थांबतो, तसा तिचा चेहरा होतो. त्या वर्षी आश्विन लागला आणि हनमकोंड्यातल्या त्या घरात तिचा चेहरा रोज सकाळी तसाच दिसू लागला.

सासू कनकव्वा अंगणात तंगेडूची पिवळी फुलं निवडत बसलेली असायची. फुलांचे थर एकावर एक चढवून देवी, म्हणजे बतुकम्मा, रचायचे दिवस. आत लॅपटॉपपुढे बसलेल्या सुनेकडे बघून ती म्हणायची, "काय गं, त्या पेटीतून रोज मेलेली पाल निघते की काय?"

"पाल परवडली, अत्तम्मा. ती एकटी असते."

स्वरूपाचा बाप परकालकडच्या एका गावात ताडी उतरवायचा. पोरगी झाडाखाली बसून झाडं मोजायची, झाडांवरची मडकी मोजायची, आणि मोजून संपलं की उदास व्हायची. सरकारी कॉलेजात गेल्यावर चंद्रमौळी सर भेटले आणि न संपणारं मोजणं तिला सापडलं.

सर गणित शिकवायचे. पावसाळ्याच्या तोंडाला नवी पुस्तकं आली की पितळी गडूत भाताची गंजी, म्हणजे खळीसारखी घट्ट पेज, घेऊन वर्गात यायचे आणि एकेका पोराचं पुस्तक घेऊन शेवटची, उत्तरांची पानं आपल्या हाताने चिकटवून टाकायचे. पोरं कुरकुरायची. सर म्हणायचे, "वाट न चालता दिसलेलं गाव हे चित्रातलं गाव, बाबांनो. तिथं पाणी मागितलं तर कोणी देत नाही." वर्गभर आंबूस वास पसरायचा. स्वरूपाला पुढे कित्येक वर्षं गणित म्हटलं की तोच वास यायचा, आणि तो तिला आवडायचा.

एकदा सरांनी मूळ संख्या शिकवल्या. एक आणि स्वतः यांखेरीज कोणाकडूनही ज्या भागल्या जात नाहीत, त्या. अमुक आकड्याच्या आतल्या सगळ्या मूळ संख्यांची बेरीज करा, म्हणाले. फळ्यावर त्यांनी दोन, तीन आणि पाच लिहिले. "ही तिघं मी तुम्हाला दिली. यांची बेरीज दहा. आता सातापासून पुढं तुमचं तुम्ही चाला." स्वरूपा चालली. वहीची मागची पानं संपली तरी चालत राहिली.

पुढे ती शिकली, नोकरीला लागली, घरातूनच एका कंपनीचं काम करू लागली. पण तिचा जीव होता दुसरीकडे. जगभरच्या हौशी लोकांनी मिळून एक सामाईक कोठार उभं केलं होतं. अंकांची अवघड कोडी घ्यायची, ती सोडवणारा प्रोग्राम लिहायचा आणि कोठारात ठेवायचा. कोणीही बघावा, शिकावा, सुधारावा. एकाच कोड्याची वेगळी रीत सुचली तर ती शेजारी ठेवायची मुभा. मात्र काहीही आत यायचं तर राखणदाराने ते वाचायचं, आणि पटलं तरच हिरवं बटण दाबायचं.

स्वरूपाने तिथं पहिल्यांदा ठेवली ती सरांचीच बेरीज. संगणकाला दोनापासून सुरुवात करायला काही कष्ट पडत नाहीत. पण तिने बेरीज दहापासून धरली आणि शोध सातापासून सुरू केला. देवाला फूल वाहावं तसं. पुढे तिचं बारीक वाचन पाहून लोकांनी तिलाच राखणदार केलं. पोलंडची मार्ता नावाची एक बाई आणि ही, दोघी मिळून कोड्यांचा कोपरा सांभाळू लागल्या. पगार नाही, मान होता. लोक म्हणत, तिकडे खोटं नाणं चालत नाही.

आणि त्या आश्विनात लोंढा आला. आज पाच, उद्या पंधरा, असं करता करता साठ-सत्तर पोरांनी त्याच बेरजेची 'नवी रीत' पाठवली. स्वरूपाने पहिली उघडली. बेरीज दहापासून, शोध सातापासून. दुसरी उघडली. दहा आणि सात. तिसरीत पोराने आतल्या नावांच्या जागी सिनेमातल्या नटांची नावं घातली होती. नट बेरीज करत होते, दहापासून. एकाने नुसत्या मोकळ्या ओळी वाढवल्या होत्या. एकीने वर लिहिलं होतं, 'हे सर्वस्वी माझं आहे', आणि खाली स्वरूपाची सतरा वर्षांची असतानाची वही उघडी पडली होती. तिच्याच कोठारातून उचलून तिच्याच दारात विकायला आणलेलं. दुसऱ्याने चघळून टाकलेला उसाचा चोथा ताटात वाढावा, तसं तिला वाटलं.

सगळी पोरं एकाच खाजगी इंजिनीअरिंग कॉलेजची, शहराबाहेरच्या. मार्ताने विचारलं, "ही तुझ्या गावाकडची माणसं का?" स्वरूपाने 'हो' एवढंच लिहिलं.

तरी तिने दार लावलं नाही. प्रत्येकाखाली तिने एकच ओळ लिहिली: 'दहा आणि सात कुठून आले? एवढं सांगा, मी आत घेते.' घटकाभर विचार केला तर कोणालाही सुचावं असं ते होतं.

उत्तरं आली. 'मॅडम, प्लीज, उद्या शेवटची तारीख आहे.' 'मॅडम, दहा हा माझा हजेरी नंबर आहे.' एकाने यंत्राकडून लिहून घेतलेला लांबलचक मजकूर चिकटवला होता. दहा हा आकडा कार्यक्षमतेसाठी जगात कसा नावाजलेला आहे, याचं त्यात वर्णन होतं. स्वरूपा पाणी प्यायली.

त्याच दिवशी फोन आला. आवाज तिने अर्ध्या शब्दात ओळखला आणि ती उठून उभी राहिली.

"स्वरूपम्मा, चंद्रमौळी बोलतोय. अगं, रिटायर झाल्यावर मी इकडं प्रिन्सिपल झालो. आमची पोरं तुझ्याकडं अडकलीत म्हणे."

"ती तुमची पोरं आहेत, सर?"

"तपासणी समिती यायची आहे. पोरांनी बाहेर काही काम केलंय एवढं दाखवायचं. तू एक बटण दाबायचंस, बास. सणाला येतोच घरी."

तिच्या आयुष्यात एकच माणूस असा होता, ज्याच्यासमोर ती अजून खुर्चीला पाठ टेकून बसत नसे. आता बटण दाबावं तर कोठार नासतं; न दाबावं तर हा माणूस दुरावतो. दोन दिवस ती त्याच विचारात भात कालवत राहिली.

सद्दुल बतुकम्माच्या, सणाच्या शेवटच्या दिवसाच्या, दुपारी सर आले. केस काळे केलेले, अंगाला अत्तराचा वास, बरोबर ड्रायव्हर. कनकव्वाने गूळतुपाचा मलिदा पुढे ठेवला. सरांनी आवडीने खाल्ला.

"कनकव्वा, तुमची सून आमच्या वर्गाची शान होती. हट्टी पण तेवढीच."

"अजून आहे, सर," कनकव्वा म्हणाली. "फुलं विकतची आणली तर बतुकम्मेला हात लावत नाही. गुरू दारी आलेत आणि तोंड बघा, एरंडेल प्याल्यासारखं."

सर हसले. "काय अडलंय, स्वरूपम्मा?"

स्वरूपाने लॅपटॉप त्यांच्यापुढे सरकवला. "सर, ही पोरांची कामं. सगळी दहापासून सुरू होतात आणि सातापासून शोधतात. का, ते एकालाही सांगता येत नाही. तुम्हाला येईल?"

सरांनी चष्मा वर करून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. बाहेर गल्लीत बायका बतुकम्मेचं गाणं धरू लागल्या होत्या. सरांनी नुसतं 'अरे' म्हटलं असतं, तरी स्वरूपा सगळं माफ करणार होती.

"असेल काहीतरी," सर म्हणाले. "समिती काय उघडून बघत नाही."

"दोन, तीन आणि पाच, सर. तुम्ही फळ्यावर लिहिले होते. ही तिघं मी तुम्हाला दिली, म्हणाला होतात. मी ते तसंच इथं ठेवलं. पोरांनी तिथून उचललं."

सरांचा चेहरा उजळला. "असं होय. म्हणजे मूळ माल माझाच की. मग तर प्रश्नच मिटला. दाब."

स्वरूपाने बोटाने पडद्यावरचं हिरवं बटण दाखवलं. "तुम्हीच दाबा, सर."

ते हात मागे घेतील, असं तिला वाटलं होतं. गंजीत बुडालेली ती बोटं तिला आठवत होती. सरांनी मलिद्याचं बोट रुमालाला पुसल्यासारखं केलं आणि दाबलं. ज्यात नट बेरीज करत होते, ते समोरचं काम कोठारात गेलं.

"बघ," सर म्हणाले, "किती सोपं. आता पुढचं कुठलं?"

स्वरूपाने लॅपटॉप आपल्याकडे ओढून घेतला. "पुढचं नाही, सर. हेही नाही." आणि त्यांच्यादेखत तिने आत गेलेलं काम बाहेर काढलं, मग बाकीची एकेक करून बंद करायला लागली.

"मी तुला घडवलं," सर हळूच म्हणाले.

"हो, सर. म्हणूनच."

ते उठले. कनकव्वा दारापर्यंत गेली, पुन्हा या म्हणाली. गाडीचा आवाज गेला. स्वरूपा उठून उभी राहिली नव्हती, हे तिच्या मागाहून लक्षात आलं.

संध्याकाळी गल्ली रिकामी होऊ लागली. बायका बतुकम्मा डोक्यावर घेऊन तळ्याकडे निघाल्या. स्वरूपाने तिची स्वतःची पहिली फाईल उघडली, दहा आणि सातवाली, आणि ती कोठारातून काढून टाकली. जुन्या नोंदींत कोणी खणलंच तर सापडेल. पण खणावं तरी लागेल.

मार्ताने लगेच विचारलं, "ही का काढलीस? ही तर बरोबर होती."

"पान उघडं राहिलं होतं," स्वरूपाने लिहिलं. "चिकटवलं."

मार्ताला ते कळलं नसावं. तिने पुढे विचारलंही नाही.

पडद्यावर, बटणाच्या जागी, तुपाचा डाग होता. स्वरूपाने ओल्या फडक्याने तो पुसला. मग राख लावून पुसला. मग बोट नाकाशी नेलं. वास होताच.

"चल गं," अंगणातून कनकव्वा ओरडली, "फुलं सुकायच्या आत तळ्यात सोडू."

"आले," ती म्हणाली, आणि आधी हात धुवायला गेली.