सील केलेली चकती

लिहिणाऱ्यांच्या पंगतीत न बोलावता येऊन बसतो आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे माझं कुठे चुकतं आहे हे सांगणारंही घरात कोणी नव्हतं.

जळगावात माझं बी.कॉम. संपत आलं, तेव्हा टाइपरायटर विकणाऱ्या एका शेठजींनी मला शब्द दिला होता. कापसाच्या गाठींचा हिशेब ठेवणारा एक कॉम्प्युटर प्रोग्रॅम ते फ्लॉपीच्या चकतीवर अमेरिकेहून मागवणार होते. तो जिनिंगवाल्यांना चालवून दाखवायचं काम माझं. "चकती दुकानात आली, की तू नोकरीत आलास," शेठजी म्हणाले. दुकानाचे म्हातारे मुनीम, ज्यांना सगळे नाना म्हणत, गालातल्या गालात हसले. वडिलांनी मात्र एरंडोलजवळच्या आमच्या गावात पेढे वाटून टाकले.

मुंबईत कस्टमवाल्यांनी चकतीबरोबरचं जाड पुस्तक ज्ञान म्हणून सोडून दिलं. चकतीवर मात्र जबर ड्युटी बसवली, कारण तिच्यातलं ज्ञान दिसत नव्हतं. शेठजींनी ती भरली. चकती दुकानात आली, पहिला सौदा ठरला, बिल फाडलं, आणि विक्रीकराची नोटीस आली. अपील धुळ्याला होतं. शिकलेला म्हणून शेठजींनी मला बरोबर घेतलं.

अपील ऐकणाऱ्या साहेबांनी चकती उजेडात धरून पाहिली.

"प्रोग्रॅम भरल्यावर हिचं वजन वाढतं?"

"नाही, साहेब," मी म्हणालो.

"मग तुम्ही विकलं काय?"

"सूचना, साहेब. यंत्राला द्यायच्या."

"सूचना मीही दिवसभर देतो. माझ्यावर कुठे विक्रीकर लागतो?"

दाराशी उभा असलेला शिपाई हळूच म्हणाला, "त्या कोणी विकत घेत नाही ना, साहेब."

साहेब हसले, पण पुरावा म्हणून चकती ठेवून घेतली. पुरावा म्हटला की सील आलं. शिपायाने चकती कापडात गुंडाळली, सुतळीने आवळली आणि मेणबत्तीवर लाख वितळवू लागला.

"साहेब, तिला उष्णता चालत नाही," मी चाचरत म्हणालो. "आणि कंपनीने कुलूप घातलंय, हिची नक्कलही निघत नाही."

"मग सील काय बर्फाने लावायचं?" साहेब म्हणाले. शिपायाने सढळ हाताने लाख ओतली आणि वर पितळी शिक्का दाबून धरला.

मी गावी जाऊन निकालाची वाट पाहत बसलो. सगळं गाव वडिलांना विचारी, आणि वडील रोज मला विचारत, "बठ्ठं गाव इचारस, नोकरी कव्हय लागी?"

"सॉफ्टवेअर वस्तू आहे की नाही, ते सरकार ठरवतंय," मी सांगे.

"आन् तू काय शे?" वडील म्हणाले.

कापूस वेचणीला आला, तेव्हा एका दुपारी खुद्द नाना एसटीतून उतरले. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाले, "शेठजी जिंकले रे! साहेबांनी निकाल दिला, सॉफ्टवेअर ही वस्तूच नाही. कर माफ."

"आणि चकती?"

"सील फोडलं, तर लाख, कापड अन् चकती सगळं एकजीव. आता मात्र ती पक्की वस्तू झाली." नानांनी टोपी नीट केली. "दुसरी मागवायची शेठजींची छाती नाही. तू उद्यापासून गादीवर माझ्याशेजारी बसायचं. येताना शाईची दौत घेऊन ये."