विहाराच्या भिंतीवरचं पिंपळपान

लखनौच्या मानक नगरात, रेल्वेच्या कॉलनीत, त्या काळी मराठी बौद्धांची बारा-पंधरा घरं होती. नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. आम्ही सगळ्यांनी मिळून एका रिकाम्या खोलीत विहार केला होता, आणि बुद्धपौर्णिमेपर्यंत मूर्तीमागच्या भिंतीवर काचेच्या तुकड्यांचं मोठं पिंपळपान करून द्यायचं मी कबूल केलं होतं. सगळे हो म्हणाले. नाही म्हणाले ते एकटे माझे वडील, आणि खोलीची किल्ली नेमकी त्यांच्याकडे.

काम मी क्वार्टरच्या गच्चीवर करत असे. सव्वीस वर्षांची होते, लग्न जमत नव्हतं, तेव्हा लोक माझ्या छंदाला नावं ठेवत. ठेवोत बापडे. काच कापायचं चाक रॉकेलमध्ये बुडवायचं आणि एका दमात ओढायचं. त्याच रेघेवरून दुसऱ्यांदा हात फिरवला की काच तिला वाटेल तिथे फुटते. रेघेखाली काडेपेटीची काडी ठेवून दोन्ही बाजूंनी दाबलं की कट्कन दोन तुकडे. धार ओल्या दगडावर घासायची, नाहीतर बोटांची चाळण. खिडकीची काच पातळ, बाटलीची जाड. म्हणून कागदावर चित्र उलटं काढायचं, त्यावर मैद्याच्या खळीने तुकडे पालथे चिकटवायचे आणि कागदासकट ओल्या सिमेंटवर थापायचे. दुसऱ्या दिवशी कागद भिजवून सोलला की जाड-पातळ सगळं एका पातळीत येतं. पानाच्या शिरांना फुटक्या बांगड्या. आरशाच्या तुकड्यांना पाठीमागून वॉर्निशचे दोन हात, नाहीतर सिमेंट त्यांचा पारा खातं. हे मला कुणी शिकवलं नाही, मी सामान नासवून नासवून शिकले.

सामान म्हणजे आलमबागच्या एका काचवाल्याकडे काच कापून उरलेल्या पट्ट्या आणि तुकडे. घोडं तिथेच अडलं.

"उरलेलं? आणि ते विहारात?" बाबा म्हणाले. "माझी आई लोकांचं उरलेलं पदरात घेऊन यायची. वरून टाकायचे, तिचा हात लागू नये म्हणून. नोकरी लागली त्या दिवशी मी ठरवलं, आता आपल्या घरात सगळं नवं."

ते खरंच होतं. शाळेत मला कधी कुणाचं जुनं पुस्तक वापरावं लागलं नाही. कुणाच्या लग्नात उरलेल्या जेवणाचा डबा भरून दिला तर बाबा तो तिथेच ठेवून येत.

"बाबा, हे मला कुणी टाकत नाही. मी निवडून, विकत आणते," मी म्हटलं. "लावीन तर हेच लावीन, नाहीतर भिंत कोरी राहू दे."

"मग राहू दे कोरी."

चार दिवस आमचा अबोला. पाचव्या दिवशी त्यांनी स्कूटर काढली. "चल, नवी काच घेऊन देतो. मिटव आता हे." मी मागे बसले ती भांडायच्या तयारीनेच.

काचवाल्याने मला पाहिलं आणि नेहमीसारखा कोपऱ्यातला डबा पायाने ओढत आणून फुटपाथवर उपडा केला. "ले जाइए बहनजी, उठा लीजिए."

मी वाकले. दोन वर्षं मी अशीच वाकत आले होते आणि त्यात मला कधी काही वावगं दिसलं नव्हतं. शेजारी बाबांचे बूट होते, ते दोन पावलं मागे सरकले. वर पाहिलं तर त्यांनी तोंड फिरवलेलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाबा म्हणत होते ते निदान एवढ्यापुरतं तरी खरं होतं. पण म्हणून मी काच का सोडू? वाकणं सोडेन.

मी ताठ उभी राहिले. "भैया, ऐसे नहीं. वापस डिब्बे में भरिए और एक-एक टुकड़ा हाथ में दीजिए. जो ठीक लगेगा वही लेंगे."

तो हसला. "अरे, कचरा ही तो है, बहनजी!"

मी तोंड उघडायच्या आत बाबा पुढे आले. दुकानाबाहेरचं स्टूल त्यांनी ओढलं, त्यावर ऐसपैस बसले, खिशातून चष्मा काढून लावला आणि हात पुढे केला.

"आपका कचरा होगा. हमारी दीवार पर लगेगा, तो देखकर लेंगे."

काचवाला आळीपाळीने आम्हा दोघांकडे पाहत राहिला. मग वाकून तुकडे गोळा करू लागला. पहिला हिरवा तुकडा बाबांनी उन्हात धरला, उलटसुलट करून पाहिला आणि त्याच्या हातात परत दिला.

"इसमें खरोंच है," ते म्हणाले. "दूसरा दिखाइए."