मी पुलाचं वय चोरलं

त्या दिवशी ढग डोक्यावर येऊन नुसते बसले होते. पाऊस न्हाय, वारा न्हाय, अंगाला चिकचिक. अशात म्हाताऱ्या माणसानं घरात पडून राहावं का न्हाय? पण मी पुलावर जाऊन बसलो, आणि जे करून बसलो ते आता कुठल्या तोंडानं सांगू तुम्हाला!

निपाणीच्या अलीकडं आमचं गाव. कालव्यावर दगडी पूल. दोन कमानी. दगडाला दगड असा बसवलाय की मधे सुपारीचं खांडसुद्धा शिरणार न्हाय. माझ्या लग्नाची गाडी त्याच्यावरनं आली, आणि आमची कारभारीण शेवटची गेली तीबी त्याच्यावरनंच.

तिथं एक मॅडम वही घेऊन आल्या. "आजोबा, हा पूल किती जुना? दप्तरात नोंद सापडत नाही. सगळं तुमच्या शब्दावर आहे."

मागं असाच एक साहेब चावडीला 'जुनी' लिहून गेला, आणि आठ दिवसांत जेसीबी! पुन्हा फसतोय व्हय मी?

"जुना? छ्या! माझ्या डोळ्यांदेखत बांधलाय."

"पण सांध्यात चुना आहे की!"

"सिमिट मिळत नव्हतं ओ."

"आणि कठड्याला ह्या खाचा? किती पिढ्यांच्या म्हशींची दोरी घासली असेल!"

"गवंड्यानं पाडल्यात. नक्षी हाय ती."

मॅडमनी कमानीखाली वाकून दगडावरनं हात फिरवला. पटेना त्यांना. मग मी म्हटलं, "मीच दगड वाहिलेत, बाई!" झालं. त्यांनी लिहिलं, मी मोडकीतोडकी सही ठोकली. त्या तोंड पाडून गेल्या, मी छाती काढून घरी आलो.

संध्याकाळी शेजारचा परशराम धावत आला. "आप्पा, काय केलासा हे? तिथं सिमिटचा पूल घालणार हायत. मॅडम ते थांबवायला आलत्या! जुना म्हणून नोंद लागली असती तर कुणी हात लावला नसता."

मी त्याचा दंड धरला. "फोन लाव रं! खोटं बोललो म्हणून सांग."

"लावलो की. कागद पुढं गेला म्हणाल्या. आता पूल पाडायच्या वेळंला सगळेच जुना म्हणणार, कोण ऐकतंय?"

आज सकाळी दोन्ही कमानींवर लाल फुल्या मारल्यात. परशराम माझ्याजवळ कठड्यावर येऊन बसला. मी म्हटलं, "एवढ्या गावात त्या बाईनं मलाच कसं गाठलं रं?"

त्यानं कठड्यावरच्या खाचेत बोट फिरवलं. मग म्हणाला, "गावात कधीच खोटं न बोलणारा म्हातारा कोण, म्हणून मला विचारल्या. मीच तुमचं नाव सांगितलो, आप्पा."